लिवाचा दुसरा दिवस

तुझ्या शोकसभेत जो जो बोलायला उठला त्याने तुला देवमाणूस म्हटलं. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते आणि लोकांना वाटलं, मी रडतेय. मी रडत नव्हते, सुधीर. दात आवळून बसले होते. एकदा तर वाटलं, उठावं, माइक हातात घ्यावा आणि सांगावं, की तुमच्या या देवमाणसाने बायकोला उभ्या आयुष्यात एक सुट्टी दिली, आणि तीसुद्धा एकाच दिवसाची.

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि दार लागलं की 'अरे'. आता दार लागलंय, तेव्हा अरे. हे मी लिवाला बसून लिहितेय. हो, लिवाला. तुझीच गाडी घेऊन, एकटी आले. अबुधाबी मागे टाकलं, मग तो समुद्राकाठचा कंटाळवाणा रस्ता, मग डावीकडे वळून सरळ वाळवंटात. पुढे आता काहीच नसणार असं वाटायला लागतं आणि खजुराच्या बागा सुरू होतात. तू असतास तर वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर बॉनेट उघडून पाणी बघितलं असतंस. मी एकदाच थांबले, चहा प्यायले आणि निघाले. गाडीला काही झालं नाही.

तुझ्या भावाला कळलं तर म्हणेल, वहिनींचं डोकं फिरलं, अजून महिना झाला नाही आणि निघाल्या भटकायला. त्याला मी सांगितलेलं नाही. फक्त सानिकाला सांगितलं. तुझी लेक. दहावीचं पुस्तक मांडीवर तसंच ठेवून तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जस्ट गो, मम्मा. आय विल स्टे अॅट रोझी आंटीज." का, कशाला, काही विचारलं नाही. तुझ्यापेक्षा शहाणी निघाली.

रोझीमुळेच मी इथे आले. शोकसभेत तिचा नवरा बोलायला उभा राहिला. आपला फ्रान्सिस, वसईचा, सदा हॉटेलच्या किचनमधून आल्यासारखा घाईत असणारा. त्या दिवशी मात्र कोट घालून आला होता. त्याने किल्लीची गोष्ट सांगितली. म्हणाला, "हा माणूस स्वतःची सुट्टी सोडून लिवावरनं परत आला, का तर आमची पोरं दाराबाहेर राहू नयेत म्हणून. आहे का आजच्या जगात असा कोण?" लोकांनी डोळे पुसले. शेजारी बसलेल्या रोझीने माझा हात धरला होता. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वहिनी, तुम्हाला मग परत नेलं का कधी त्यांनी लिवाला?"

मी नाही म्हटलं. तिने हात आणखी घट्ट धरला. अख्ख्या सभेत माझं सांत्वन केलं असेल तर त्या एका प्रश्नाने.

तुला आठवतं ना, आपल्यासारख्यांना 'व्हेकेशन' म्हणजे काय ते? इथे सुट्टी मिळाली म्हणजे इंडियाला जायचं. त्याला दुसरा अर्थच नव्हता. महिनाभर आधीपासून बॅगा वजनकाट्यावर चढायच्या, आत्याला अत्तर, मावसभावाला कॅलक्युलेटर, कोणाला टँग, कोणाला बदाम. तिथे पोचलं की लग्नं, मुंजी, बँक, दवाखाने, आणि 'तुम्हाला काय बाबा, दुबईवाले' हे ऐकत घरोघर चहा. मग शारजाला परत येऊन आठ दिवस झोपायचं. तो नाती टिकवण्याचा ओव्हरटाइम होता. सुट्टी हा शब्द मी शाळेनंतर त्या अर्थाने कधी वापरलाच नव्हता.

म्हणून त्या वर्षी तू म्हणालास, "दोघंच कुठेतरी जाऊ," तेव्हा मी दोनदा विचारलं, दोघंच म्हणजे कोण. सानिका तेव्हा लहान होती, पुण्याला आईकडे राहिली होती, आणि मी तिला तिथे ठेवून एकटी परत आले होते. का आले होते ते तुला माहीत होतं. तुझ्याशी बोलायला आले होते. माझ्या ज्युनिअर कॉलेजची बिनपगारी रजा संपत आली होती. आणखी वाढवून मिळणार नव्हती. महिनाअखेर रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा. केमिस्ट्रीची परमनंट नोकरी, सुधीर. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसायचे. मी लग्नाआधी मिळवली होती, कोणाच्या ओळखीशिवाय.

मला एवढंच ठरवायचं होतं. मी आणि सानिका पुण्याला राहू आणि तू मागून ये. किंवा आपण तिघंही इथे राहू आणि मी नोकरी सोडते. पण ठरवायचं ते दोघांनी मिळून, समोरासमोर बसून, हो की नाही. तू म्हणालास, "अशा गोष्टी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या बोलायच्या नसतात. लिवाला जाऊ. तिथे वाळूचे डोंगर आहेत. वर बसून बोलू." मला ते इतकं आवडलं होतं. आता सांगते, मला त्या वाक्यासाठी तुझा अजूनही राग आहे. तुला माणसाला खूश करायचं अगदी बरोबर कळायचं.

ऑगस्ट महिना. ऑगस्टात कोणी वाळवंटात फिरायला जातं? गोरे लोकही जात नव्हते. पण तुझ्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात तेवढेच दोन दिवस गुरुवार-शुक्रवारच्या आठवडी सुट्टीला जोडून मिळाले होते आणि तू म्हणालास, यल्ला, चला. मी नेहमीच्या सवयीने कुकर घेतला, खिचडीचे डाळ-तांदूळ, लोणचं, पापड, चहा-साखर. तू हाफ पँट घातलीस. आयुष्यात पहिल्यांदा. पुण्याच्या तुझ्या घरात पायजम्याशिवाय कोणी वावरत नाही आणि तू शारजात, अल मजाजच्या आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून हाफ पँट घालून उतरलास. नातूर, आपला तो पठाण वॉचमन, "मेहता साब आया क्या" म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या मेहतांसारखा दिसतोस म्हणून. तू वाटेत अबुधाबीपर्यंत हसत होतास.

दुपारी पोचलो. ते सरकारी रेस्ट हाउस टेकाडावर, आणि सगळ्या खोल्या रिकाम्या. बाहेर पाय ठेवला तर चपलेचा तळ भाजत होता. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, डोंगरावर जायचं तर पहाटे जा, सूर्य वर यायच्या आत खाली या. म्हणून पहिल्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतंच. तीच तर मजा होती. मी बाथरूमच्या प्लगला हॉटप्लेट लावून चोरून खिचडी शिजवली, कुकरची शिट्टी झाली आणि आपण दोघं शाळेतल्या पोरांसारखे दाराकडे बघत बसलो. कोणी आलं नाही. बेडवर वर्तमानपत्र पसरून जेवलो. मग तू झोपलास, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, भर दुपारी, तोंड उघडं. तुला मी तोपर्यंत दुपारी झोपलेलं पाहिलंच नव्हतं. फॅक्टरीतून आलास की कोणाची तरी ट्यूबलाइट, कोणाचं तरी लायसन, कोणाला तरी एअरपोर्ट. त्या दुपारी तुझ्याकडे कोणाचं काही काम नव्हतं. मला वाटलं, हा माझा नवरा आहे.

तू उठलास तेव्हा मी विषय काढला. आता आठवतंय ना? मी म्हणाले, "कॉलेजला काय कळवायचं?" आणि तू अंगठा आणि तर्जनी माझ्या ओठांवर ठेवून म्हणालास, "पहिल्या दिवशी भांडायचं नाही. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"सुट्टीचा. पहिला दिवस फक्त मजा. उद्या सकाळी डोंगरावर बसून तू म्हणशील ते बोलू. भांडू. तू ओरड, मी ऐकतो. तिथे ऐकायला कोण आहे?"

मला हसू आलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या.

ऊन उतरलं तसे खजुराच्या बागेकडे गेलो. झाडं घोसांनी वाकली होती. तिथल्या बंगाली माळ्याने ओंजळभर अर्धपिके खजूर दिले, अर्धे कडक आणि अर्धे मधासारखे मऊ. तू खाता खाता म्हणालास, याचं लोणचं कसं लागेल? सावलीत बसलो. तुला तहान लागली, गाडीतून सोड्याची बाटली काढलीस, ओपनर नव्हता. म्हणून तू खिशातून तो जुडगा काढलास.

तो किल्ल्यांचा जुडगा. त्याबद्दल मला सगळ्या जगाला सांगायचंय.

उन्हाळ्यात सगळं शारजा इंडियाला जायचं आणि जाताना किल्ल्या तुला देऊन जायचं. कोणाच्या घराची, कोणाच्या गाडीची. कढीपत्त्याला पाणी घाल, आठवड्यातून एकदा गाडी चालू कर नाहीतर बॅटरी बसते, नळ सोड, झुरळांचं औषध मार. तू प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधली होतीस, माझ्याच विणकामाच्या पेटीतली. हिरवी मेहता, पिवळी आठव्या मजल्यावरचे नायर, लाल फ्रान्सिस. संध्याकाळी तू कामावरून आलास की आधी चार घरांच्या कुंड्यांना पाणी आणि मग स्वतःच्या घरात. आपल्या गॅलरीतली तुळस मात्र दर उन्हाळ्यात वाळायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, पण तू ते घोडं आनंदाने खाजवत बसायचास.

त्या जुडग्यातल्या एका किल्लीने तू सोड्याचं झाकण उचकटलंस आणि थबकलास. लाल लोकर होती.

"फ्रान्सिस," तू म्हणालास.

मी विचारलं, काय झालं.

"आज येतायत ते. संध्याकाळच्या विमानाने. मला शुक्रवार वाटला होता. किल्ली नातूरकडे द्यायची होती."

मी शांत होते, खरंच. मी म्हटलं, त्याचा मेव्हणा दुबईत आहे, तिथे जातील. तू म्हणालास, त्याचं घर एका खोलीचं, सोबत दोन लहान मुलं, त्यात ऑगस्ट. मी म्हटलं, कोणाला तरी फोन करू. आपण रिसेप्शनवर गेलो, तू एकेक नंबर फिरवत गेलास आणि कुठेही कोणी उचलला नाही. कसे उचलतील? सगळे इंडियात होते. त्यांच्या किल्ल्या तुझ्या खिशात होत्या.

तू बॅग भरायला लागलास. मी बेडवर बसून राहिले. मी म्हणाले, "सुधीर, उद्या सकाळी आपल्याला बोलायचंय."

"बोलू ना. परत येऊ. पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात कशाला? महिनाअखेर कळवायचंय."

आणि तू, हसत, कुकर पिशवीत घालता घालता म्हणालास, "अजून पहिलाच दिवस चालू आहे हं. भांडायचं नाही."

तिथे मी तुला काय करायला हवं होतं ते आजही माझ्या डोक्यात येतं आणि ते छापण्याजोगं नाही.

परतीच्या वाटेवर तू गाणी म्हटलीस. चांगला गायचास म्हणून आणखी राग आला. शारजाला पोचलो, धावत फ्रान्सिसच्या मजल्यावर गेलो, आणि दार उघडंच. आत दिवे, पोरं सोफ्यावर उड्या मारतायत, रोझी चहा टाकतेय. मेव्हण्याकडे दुसरी किल्ली होती. फ्रान्सिसला ते माहीत होतं. रोझीला माहीत होतं. फक्त तुला माहीत नव्हतं, कारण तू कधी कोणाला विचारायचाच नाहीस की बाबा, माझी गरज आहे का. तू गृहीत धरायचास की आहेच.

आणि तू हसलास. खुर्चीवर बसून पोट धरून हसलास. रोझीने वसईची सुकेळी काढली, तू ती खात "अरे वा, यंदा गोड आहेत" म्हणत होतास. मी उभी होते. माझ्या चपलेत अजून लिवाची वाळू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी आपण डोंगरावर असायला हवं होतं त्या वेळी तू नायरांच्या गाडीची बॅटरी बघायला खाली गेलास. त्यानंतर कारखान्यात ऑर्डर आली. मग महिना संपला. मी राजीनामा पाठवला. तू कधीच म्हणाला नाहीस की पाठव. तू कधीच म्हणाला नाहीस की पाठवू नकोस. त्याचाच मला राग आहे, कळतंय का? तू 'नाही' म्हणाला असतास तर मी तुझ्याशी भांडले असते, कदाचित जिंकले असते, कदाचित हरले असते आणि तुला आयुष्यभर टोमणे मारले असते, तेही चाललं असतं. जगात बायका तेच करतात. पण तू मला भांडणच दिलं नाहीस. माझी नोकरी कोणी काढून घेतली, असं विचारलं तर मी कोणाचं नाव घेऊ? ऑगस्टचं?

नंतर दर थंडीत, "लिवाला जाऊ, तिथे बोलू." लिवा म्हणजे आपल्या घरात न बोलण्याच्या गोष्टींचा माळा झाला होता. सानिकाला पुण्याच्या शाळेत घालायचं का? लिवाला बोलू. तुझ्या आईला इथे आणायचं का? लिवाला बोलू. इथल्या शाळेत मी आधी कोणाच्या तरी बाळंतपणाच्या जागी शिकवायला लागले, मग राहिले, मग माझी स्वतःची लॅब झाली, मुलं 'केमिस्ट्री मिस' म्हणून मॉलमध्ये आई-बापांना ओढत माझ्याकडे आणायला लागली. त्यावरही कधी बोललो नाही. तू अभिमानाने लोकांना सांगायचास, मला कधी सांगितलं नाहीस. मला लोकांकडूनच कळायचं.

हे लिहिताना हात थांबतो, कारण मी खोटं बोलत नाही ना, ते तपासावं लागतं. गाडी चालवायला तू शिकवलंस, हे खरं आहे. इन्स्ट्रक्टरने मला तीनदा नापास केल्यावर तू दर शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियात न्यायचास, बंद शटरांच्या गल्ल्यांत, आणि मी ट्रकशेजारी गाडी लावताना एकदाही आवाज चढवला नाहीस. बाबा गेले तेव्हा विमानतळावर मी चालू शकत नव्हते, तू सगळ्यांसमोर माझ्या चपला हातात घेतल्यास. तुझ्यासारखं मन असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच तर. कोणा कंजूष, घुम्या माणसाशी संसार केला असता तर मी कशाची अपेक्षा धरली असती? तुझ्याकडे होतं आणि तू ते वाटत सुटलास, आणि माझ्यासाठी ठेवलं ते उद्यावर.

गेल्या दोन वर्षांत तू पलटी मारलीस. "खलास झालं आता, परत जाऊ." बाणेरला फ्लॅट बुक केलास, आधी मला दाखवलास तरी, एवढी प्रगती. मी म्हटलं, मला नाही जायचं. मला माझी शाळा आहे, सानिकाचं सगळं इथे आहे. एकदा मुळं उपटून झाली माझी, आता पुन्हा नाही. तू म्हणालास, "या थंडीत लिवा. नक्की. इन्शाल्ला नाही, नक्की." थंडी आली. एका सकाळी तू बूट घालता घालता खुर्चीत मागे टेकलास, आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं. फार शांत चेहरा होता, म्हणतात सगळे. शांत असणारच. कधी भांडलास?

आता लोकांनी ठरवून टाकलंय. तुझा भाऊ फोनवर म्हणतो, "वहिनी, आता तिथे काय ठेवलंय?" इथल्या मराठी मंडळातल्या बायका जाण्याची तारीख विचारतात. माझा व्हिसा तुझ्या नावावर. तुझ्या कंपनीचा माणूस घरी आला होता, बिचारा खूप अवघडून म्हणाला, "मॅडम, टेक युअर टाइम, पण कॅन्सल तर करावा लागेल." आणि आमच्या प्रिन्सिपलबाई म्हणतात, राहायचं असेल तर शाळा व्हिसा करेल, शनिवारी सांग. सानिकाला विचारलं तर म्हणते, "आय डोन्ट नो पुणे, मम्मा. आय ओन्ली नो आजीज हाउस." म्हणजे तोच प्रश्न. तोच, सुधीर. जायचं की राहायचं. फक्त आता मी एकटीने ठरवायचं. ज्याच्याशी भांडून ठरवायचं तो मला गॅलरीतल्या तुळशीसारखी वाळत सोडून गेला.

आणि ऐक. सभा झाल्यावर लोक किल्ल्या मागायला आले. संकोचून, पण आले. मी तुझा ड्रॉवर उघडला. लोकरी जागच्या जागी होत्या. एकेक सोडवून दिली. शेवटी एक उरली, लोकर नसलेली, जड पितळी, खोलीचा नंबर कोरलेली. रेस्ट हाउसची. त्या घाईत आपण ती परत केलीच नव्हती. तू ती इतकी वर्षं जुडग्यात बाळगलीस. आता तू म्हणशील, बघ, मी विसरलो नव्हतो. विसरला असतास तर परवडलं असतं. खिशात किल्ली घेऊन दर थंडीत नायरांच्या कुंड्यांना पाणी घालत होतास, ते मला कसं परवडायचं?

काल दुपारी मी ती किल्ली इथल्या काउंटरवर ठेवली. केरळचा पोरगेलासा मॅनेजर. उलटीसुलटी करून बघितली. "मॅडम, ये चाबी अभी इधर का नहीं है. ताला सब चेंज हो गया." मग माझ्या कपाळाकडे बघून हळूच म्हणाला, "रख लो आप. यादगार." मी म्हटलं, नको. यादगार नकोच होती मला, मला खोली हवी होती. त्याने दुसरी दिली, नवीन, कार्डाने उघडणारी. मी आत गेले आणि काही केलं नाही. खिचडी आणली होती डब्यात, ती गार खाल्ली. बेडवर वर्तमानपत्र पसरून. भर दुपारी झोपले. उठून बागेपर्यंत चालत गेले, या दिवसांत झाडांवर काही नसतं, तरी गेले. काल मी तुझ्यावर एकदाही चिडले नाही. लक्षात आलं का? नियम पाळला.

आज पहाटे डोंगरावर आले. हे शेवटचं वरच बसून लिहितेय. चढायला सोपं नाही रे. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं, चाळलेल्या रव्यात चालल्यासारखं. दोनदा गुडघ्यांवर आले. बूट काढून हातात घेतले, माझे मीच. वर आल्यावर बघितलं तर पुढे आणखी डोंगर, त्यांच्या मागे आणखी, सगळे कसे निवांत बसलेले. खरंच ऐकायला कोणी नाही. तू बरोबर म्हणाला होतास. एवढी एकच गोष्ट तू बरोबर म्हणालास आणि तिथपर्यंत आला नाहीस.

सूर्य वर आला. म्हणजे पहिला दिवस संपला.

मी जात नाही, सुधीर. मी इथे राहणार. शनिवारी प्रिन्सिपलबाईंना सांगणार, व्हिसा माझ्या नावावर होईल. बाणेरचा फ्लॅट भाड्याने देणार. तुला हे पटणार नाही, तुझं म्हणणं वेगळं होतं, माहीत आहे मला. मग सांग. ओरड. इतकी वर्षं मी वाट बघितली आहे, मी हलत नाही इथून.

आता भांड माझ्याशी.